ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्यावर : एका तालुक्याच्या गावातील सेवेचे परीक्षण

आमचे गाव तालुक्याचे ठिकाण आहे आणि तेथील ग्रामपंचायतीचे रूपांतर नगरपंचायतीत होऊन आता बरीच वर्षे लोटली आहेत. २०१४ मध्ये राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण स्वीकारले, त्यात महाराष्ट्रातील अनेक गावांप्रमाणे आमचेही गाव आले. या नव्या कार्यालयाकडून दाखले घेतले, घरपट्टी भरली, बांधकामाची परवानगी काढली आणि विकास योजनेवर हरकतही नोंदवली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की खिडकीवर मिळणारी सेवा पूर्वीपेक्षा निश्चितपणे सुधारली, परंतु गावाच्या कारभारात सामान्य माणसाला जो प्रत्यक्ष शब्द होता तो मात्र कमी झाला. ज्या गावांपुढे आज हा बदल उभा आहे, त्यांनी ही दुसरी बाजू आधी समजून घ्यावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण रूप सोडून नागरी रूपाकडे निघालेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली. महाराष्ट्रात तिची स्थापना १९६५ च्या नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाच्या कलम ३४१क खाली होते. त्यासाठी लोकसंख्या साधारणपणे १० हजार ते २५ हजार असावी लागते आणि शेतीखेरीज अन्य व्यवसायांवर जगणाऱ्यांचे प्रमाणही पाहिले जाते. शासन प्रथम प्रारूप अधिसूचना काढते, तीवर ३० दिवसांत हरकती व सूचना मागवते आणि त्यांचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते. त्या क्षणी ग्रामपंचायत संपते, सरपंचपद संपते आणि पहिली निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे जातो. हा प्रशासक बहुतेक ठिकाणी तहसीलदारच असतो, आणि त्याच्याकडे स्वतःच्या महसुली कामाचा भार आधीपासून असतो.

या स्थापनेच्या टप्प्यातच आमच्या गावाने सर्वांत मोठी संधी दवडली, असे मला वाटते. प्रारूप अधिसूचनेसोबत हद्दीत येणाऱ्या गट क्रमांकांची यादी असते. ती सूचनाफलकावर लागली होती, पण ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे फार थोडे निघाले. परिणामी ज्या वाड्यांमध्ये शेतीवाचून दुसरा व्यवसाय नाही त्याही नागरी हद्दीत आल्या, आणि तेथील कुटुंबे ग्रामीण घरकुलासारख्या योजनांमधून बाहेर पडून शहरी योजनांच्या अटींखाली गेली. हद्द एकदा ठरली की ती बदलून घेण्यासाठी पुन्हा शासनाच्या अधिसूचनेचीच वाट पाहावी लागते.

ग्रामपंचायतीच्या जुन्या कर्मचाऱ्यांचाही प्रश्न याच काळात निर्माण होतो. ज्यांनी वर्षानुवर्षे नळ सोडले, गटारे काढली आणि वसुली केली, त्यांचे समावेशन नव्या आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या मंजूर आराखड्यात, असलेल्या पदांवर आणि शैक्षणिक अर्हतेवर अवलंबून राहते, त्यामुळे गावाची पाइपलाइन कोठून जाते हे तोंडपाठ असलेली माणसे दीर्घकाळ अनिश्चिततेत काम करीत राहतात. यात सेवेचेही नुकसान आहे आणि त्या माणसांवर अन्यायही आहे.

रचनेबाबत मात्र मला मनापासून चांगले म्हणायचे आहे. नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात आणि प्रत्येक प्रभागातून एकच सदस्य निवडला जातो. १० ते २५ हजार लोकसंख्येच्या गावात याचा अर्थ साधारणपणे सहाशे ते दीड हजार माणसांमागे एक नगरसेवक असा होतो. एवढ्या लहान प्रभागात नगरसेवकाला प्रत्येक घर ओळखता येते आणि घरातल्यांनाही त्याला रस्त्यात थांबवून विचारता येते. अर्ध्या जागा महिलांसाठी राखीव असल्यामुळे पाणी आणि स्वच्छता हे विषय सभेत पूर्वीपेक्षा अधिक नेमकेपणाने मांडले जातात, हे मी स्वतः सभागृहात बसून पाहिले आहे. नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडावा की थेट मतदारांनी, याचा नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो थेट निवडणुकीवर आला. इतक्या मूलभूत बाबीत अशी अस्थिरता असणे कोणत्याही गावाच्या हिताचे नाही.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळतो. जन्म-मृत्यूचे दाखले, थकबाकी नसल्याचा दाखला आणि मालमत्ता कराचा उतारा ही कामे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांमध्ये येतात, आणि जन्माच्या दाखल्यासाठी ३ दिवसांची मुदत ठरलेली आहे. ग्रामपंचायतीच्या काळात ग्रामसेवक ज्या दिवशी गावात असेल त्या दिवशी काम व्हायचे. आता कार्यालय रोज उघडे असते, विभाग वेगळे आहेत आणि अर्जाची पोच मिळते. पोच मागून घ्यावी, कारण मुदत मोजण्यासाठी आणि पुढे अपील करायचे झाल्यास तोच आधार असतो. पथदिवे आणि घंटागाडी यांबाबत तक्रारीला जागा नाही. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या जुन्या नमुना ८ मधील नोंदी नव्या कर आकारणी नोंदवहीत उतरवताना मात्र आमच्याकडे नावांच्या आणि क्षेत्रफळाच्या बऱ्याच चुका झाल्या, आणि त्या दुरुस्त करून घेण्याचा सगळा भार मालमत्ताधारकांवर पडला.

घरपट्टी वाढते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नगरपंचायतीत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिला चतुर्वार्षिक कर आकारणी म्हणतात, आणि थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वाढ होण्यालाच माझा विरोध नाही, कारण दिवाबत्ती, कचरा आणि पाणी यांचा खर्च कोठून तरी यायला हवा. परंतु आकारणीची नोटीस हाती आली की हरकत नोंदवण्याची मुदत सुरू होते, आणि त्या मुदतीत जो सुनावणीला गेला त्याच्या आकारणीतील चूक सुधारली, जो गेला नाही त्याला ती पुढच्या फेरआकारणीपर्यंत सोसावी लागली, असे आमच्या आळीत घडले. बांधकामाचा प्रकार, म्हणजे कौलारू, पत्र्याचे की आरसीसी, आणि वापर, म्हणजे निवासी की व्यापारी, हे दोन रकाने आधी तपासावेत. फरक बहुधा तेथेच सापडतो.

नगरपंचायत स्थापन झाली की ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नियोजन प्राधिकरण ठरते, आणि माझ्या मते छोट्या गावाला मिळणारा हा सर्वांत मोठा अधिकार आहे. कोणत्या जमिनीवर शाळा होईल, बाजार कोठे भरेल, रस्ता किती रुंद असेल, क्रीडांगणासाठी कोणता तुकडा राखला जाईल, हे ठरवणारी विकास योजना गावाच्याच सभागृहातून पुढे जाते. प्रथम योजना करण्याचा इरादा जाहीर होतो, मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, मग प्रारूप योजना प्रसिद्ध होऊन तीवर ३० दिवसांत हरकती घेतल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. आमच्या गावातील ओढ्याकाठचा जुना पाणंद रस्ता प्रारूप नकाशात दिसत नव्हता. आळीतील काही जणांनी मिळून मोजणीचे कागद जोडून हरकत घेतली, सुनावणीत नकाशावर बोट ठेवून ती समजावली आणि तो रस्ता पुढील नकाशात आला. ग्रामपंचायतीच्या दिवसांत गावठाणाबाहेरच्या परवानगीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा माराव्या लागत, त्या तुलनेत ही प्रक्रिया गावात, आपल्या डोळ्यांसमोर होते, याचे मोल मोठे आहे.

याच योजनेतील आरक्षणांनी दुसऱ्या बाजूला अनेक लहान जमीनमालकांची झोप उडवली आहे. राखून ठेवलेली जमीन घेण्यासाठी नगरपंचायतीकडे पैसा नसतो, आणि मंजूर योजनेपासून १० वर्षांत ती घेतली गेली नाही तर मालकाला कायद्याने जमीन खरेदी करण्याची नोटीस बजावण्याचा अधिकार मिळतो, तोपर्यंत जमीन अडकून राहते. नियोजनाचा अधिकार देताना संपादनाची ताकद दिली नाही, तर तो अधिकार नकाशापुरता उरतो. बांधकाम परवानगी देण्याची पद्धत मात्र २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनंतर बरीच सुकर झाली आहे, कारण अंतरे, उंची आणि चटई क्षेत्र यांचे नियम बहुतांश राज्यात सारखे झाले आणि स्थानिक पातळीवर वेगवेगळे अर्थ लावण्याला वाव कमी राहिला.

अधिकार खरोखर कोणाकडे आहे, याचे उत्तर ठराव मंजूर झाल्यावर कळते. घटनेच्या १२ व्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय लिहिले आहेत, पण कोणता विषय किती प्रमाणात सोपवायचा हे राज्य ठरवते. वीज महावितरणकडे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आणि काही गावांत पाणी योजनाही महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असते. नगरपंचायतीचा मुख्याधिकारी हा शासनाचा अधिकारी असतो, त्याची नेमणूक आणि बदली गावाच्या हाती नसते, आणि कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी नगरपंचायतीच्या ठरावाची अंमलबजावणी रोखू शकतात. गैरकारभाराला आळा बसण्यासाठी असे बंधन असावे हे मला मान्य आहे. परंतु निवडून आलेल्या सभागृहाला साधा कनिष्ठ अभियंता मिळवण्यासाठीही वरच्या कार्यालयाकडे पाठपुरावा करावा लागतो, तेव्हा त्या सभागृहाला स्वराज्य संस्था म्हणणे अवघड होते.

पैशाचे तसेच आहे. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाल्यापासून लहान नागरी संस्थांचा मोठा आधार शासनाच्या अनुदानांवर आला. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील निधीत अशा गावांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती, तर ४० टक्केच स्थानिक गरजेप्रमाणे खर्चता येत होती. पाणी आणि स्वच्छता ही कामे महत्त्वाची आहेतच. तरीही ज्या गावाला दवाखान्याकडे जाणारा पूल आधी हवा आहे, त्या गावाला तो प्राधान्यक्रम स्वतः ठरवता आला पाहिजे.

मला सर्वांत जास्त सलणारी बाब म्हणजे ग्रामसभा गेली. ग्रामपंचायतीत वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभा भरत असे, तिच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा होत असे, आणि मतदार यादीत नाव असलेला कोणीही उठून हिशेब विचारू शकत असे. ती सभा नेहमी शांततेत होई असे नाही, कित्येकदा गणपूर्तीअभावी तहकूबही होई, पण लाभार्थ्यांची यादी तेथे मोठ्याने वाचली जाई आणि चुकीच्या नावावर तेथल्या तेथे आक्षेप येई. नगरपंचायतीच्या सभेत नागरिकाला बसून ऐकता येते, बोलता येत नाही. २००९ च्या दुरुस्तीने नागरी भागांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली खरी, पण ती प्रत्यक्षात भरलेली मी आमच्या गावात पाहिलेली नाही. १७ प्रभागांत प्रत्येकी एक क्षेत्रसभा घेणे खर्चाचे नाही. समाजमंदिर, सतरंजी आणि इतिवृत्त लिहिणारा एक लिपिक एवढेच त्यासाठी पुरते.

म्हणून या सेवेबद्दल माझा निर्णय असा आहे. दाखले, दिवाबत्ती, स्वच्छता आणि बांधकाम परवानगी यांसाठी नगरपंचायत ग्रामपंचायतीपेक्षा चांगली ठरली आहे, आणि जे गाव खरोखर बाजारपेठेचे झाले आहे, जेथे नवीन वस्त्या रोज वाढत आहेत, त्या गावाने हा दर्जा घ्यावा असेच मी सुचवीन. जेथे निम्म्याहून अधिक कुटुंबे अजून शेतीवर आहेत तेथे घाई करू नये. प्रारूप अधिसूचना निघाली की पहिल्याच आठवड्यात गट क्रमांकांची यादी आणि हद्दीचा नकाशा यांची प्रत मिळवावी, ती शेवटच्या ग्रामसभेत वाचून घ्यावी, आणि ज्या वाड्या वगळायच्या असतील त्यांच्याबद्दल लेखी हरकत जिल्हाधिकारी कार्यालयात ३० दिवसांच्या आत देऊन तिची पोच जपून ठेवावी. पहिली निवडणूक झाली की नव्या सभागृहापुढे क्षेत्रसभा सुरू करण्याची मागणी प्रत्येक प्रभागातून लेखी द्यावी, कारण पहिल्या वर्षी जी पद्धत पडते तीच पुढे चालते.