लॅपटॉपमधील ‘ब्ल्यू-रे रायटर’ घेताना झालेली माझी फसवणूक

परभणीत लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणे हा माझा व्यवसाय आहे. एका लग्नाचे फुटेज सहज साठ-सत्तर जीबी भरते आणि साध्या डीव्हीडीत जेमतेम 4.7 जीबी मावते, म्हणून मूळ फुटेज जपून ठेवण्यासाठी 25 किंवा 50 जीबीच्या ब्ल्यू-रे डिस्क राइट करणारा लॅपटॉप मी शोधत होतो. तुळशीच्या लग्नानंतरची धावपळ सुरू होण्याआधी तो छत्रपती संभाजीनगरातील एका दुकानात मिळाला. लॅपटॉप जुना होता, पण ‘आत ब्ल्यू-रे रायटर आहे’ असे सांगून दुकानदाराने सहा हजार रुपये जास्त घेतले.

खात्री करून द्या म्हटल्यावर त्याने माझ्यासमोर एक डिस्क राइट केली आणि ‘बघा भाऊ, झाली का नाही?’ असे विचारले. ती डिस्क साधी डीव्हीडी होती. माझी खरी चूक तिथेच झाली.

घरी येऊन 25 जीबीची कोरी डिस्क घातली, तर ‘कोरी डिस्क घाला’ हीच सूचना पुन्हा पुन्हा येत राहिली. ट्रेच्या तोंडावरचे चकचकीत स्टिकर नखाने उचकटले, तेव्हा खाली ‘बीडी-रॉम’ ही कंपनीची मूळ खूण दिसली. असा कॉम्बो ड्राइव्ह ब्ल्यू-रे वाचतो, परंतु राइट करतो ते फक्त सीडी आणि डीव्हीडी. ब्ल्यू-रे लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या नावात सहसा ‘बीडी-आरई’ असते आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (संगणकाचे भाग दाखवणाऱ्या यादीत) ते नाव मिनिटभरात पाहता येते. मी ते पाहिले नाही, याचे आजही वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेव्हा त्याने पावती पुढे केली. तिच्यावर ‘जुना लॅपटॉप, 1 नग’ एवढेच लिहिलेले होते.

व्यवसायबंधूंना कळकळीने सांगतो, ड्राइव्हचे पूर्ण नाव पावतीवर लिहून घ्यावे आणि 25 जीबीची कोरी डिस्क स्वतः नेऊन दुकानातच पूर्ण भरून पाहावी. ‘4x’ म्हणजे ब्ल्यू-रेच्या मूळ वेगाच्या चौपट वेगाने त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेवढे थांबावे. मुळात लॅपटॉपच्या आतला ड्राइव्ह घेण्याचा आग्रह मी आता सोडला आहे, कारण या ड्राइव्हची जाडी 9.5 किंवा 12.7 मिलीमीटर असते आणि एकाच्या जागी दुसरा सहसा नीट बसत नाही. यूएसबीने जोडायचा बाहेरचा रायटर मात्र लॅपटॉप बदलला तरी कामी येतो.