खगोलभौतिकीची पदवी: तीन वर्षं वापरून झाल्यावरचा अभिप्राय

पाचपैकी साडेतीन तारे. आमच्या विषयात ताऱ्याचं तेज ‘प्रत’ नावाच्या आकड्यात मोजतात: आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट फरक. त्या हिशेबाने साडेतीन प्रतीचा तारा काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी आरामात दिसतो. पदवीचंही तसंच आहे. दिसते, पण आधी डोळे अंधाराला सरावावे लागतात.

माहितीपत्रकावर तेजोमेघ, कृष्णविवर, रंगीत दीर्घिका. हातात पडतं ते वेगळंच. पहिलं वर्ष म्हणजे उतरणीवरून घसरणारे ठोकळे, स्प्रिंगा, कलन, मॅट्रिक्स आणि अवकल समीकरणांचा न संपणारा डोंगर. वर्गात ‘तारा’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो चौथ्या आठवड्यात, तोही गुरुत्वाकर्षणाच्या गणितातलं एक बिंदुवस्तुमान म्हणून. त्या तारखेपर्यंत दोघांनी शाखा बदलली होती. मी टिकले ती हट्टापायी, हुशारीमुळे नाही.

दुसऱ्या वर्षी क्वांटम, विद्युतचुंबकत्व आणि ऊष्मागतिकी एकदमच अंगावर येतात. इथे मला पहिल्यांदा पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, आणि त्याला कारण एक गृहपाठ. प्रश्न साधा होता: सूर्य बहुतांशी हायड्रोजनचा, मग त्याच्या वर्णपटात दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषा एवढ्या बेताच्या का? त्या रेषा उमटायला अणूतला इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर असावा लागतो. पहिल्या दोन पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. दिलेल्या तापमानाला किती अणू वरच्या पातळीवर असतील ते सांगणाऱ्या बोल्ट्झमनच्या सूत्रात आकडे घातले तर उत्तर येतं सुमारे १८ कोटी अणूंत १. मी तीनदा तपासलं. म्हणजे हायड्रोजन खच्चून भरलेला आहे, पण तो जवळजवळ सगळाच गप्प बसलाय! १०,००० केल्विनच्या आसपासच्या ताऱ्यांत याच रेषा ठसठशीत होतात, आणि त्याहून तापलेल्यांत पुन्हा फिकट, कारण तिथे इलेक्ट्रॉन अणू सोडूनच निघून गेलेले असतात. हा दुसरा अर्धा भाग मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणातून येतो. तेच समीकरण वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचं दाखवलं होतं. त्या काळचे वजनदार खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटेना, म्हणून पेन यांना स्वतःचाच निष्कर्ष ‘जवळजवळ नक्कीच खरा नाही’ अशा अर्थाचं वाक्य घालून छापावा लागला. १९२९ मध्ये रसेलही त्याच उत्तरावर आले. हे आधी कुठेतरी वाचलं असतं तर नुसती गोष्ट म्हणून विसरले असते. १८ कोटींत १ हा आकडा स्वतःच्या वहीत निघाल्यावर मात्र पेन यांच्या त्या वाक्याचा मला राग आला.

आता दुर्बीण, कारण सगळे विचारतात तेच. तीन वर्षांत माझ्या वाट्याला ११ रात्री आल्या, त्यातल्या ५ ढगांनी खाल्ल्या. उरलेल्यांतली एक सांगते. जंबुक तारकासमूहातल्या एचडी १८९७३३ या ताऱ्याभोवती गुरूएवढा एक ग्रह दर सव्वादोन दिवसांनी फेरी मारतो. तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे २.४ टक्क्यांनी घटतो. ही घट मोजायची. डोळ्याला काहीही दिसत नाही; दिसतो तो पडद्यावरचा एक पांढरा ठिपका, तोही ठिपका नाही तर मेदूवड्यासारखं कडं, कारण तारा तेजस्वी असल्याने कॅमेरा तुडुंब भरू नये म्हणून दुर्बीण मुद्दाम थोडी फोकसबाहेर न्यायची असते. चार तास असली कडी साठवली. मग प्रत्येक चित्रातून कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करा, भिंगावरच्या धुळीचे डाग फ्लॅटने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या चित्राने) भागून काढा, शेजारच्या ताऱ्याशी तुलना करा. आलेखावर खळगा उमटला तेव्हा मी आणि माझा जोडीदार काही न बोलता नुसते बघत बसलो.

खळग्याचा मध्य मात्र वेळापत्रकापेक्षा ५ मिनिटं आधी आला होता. दोन दिवस आम्ही संगणकाच्या घड्याळाला शिव्या घातल्या. घड्याळ अगदी बरोबर होतं. शेवटी सरांनी विचारलं, “वेळ कुठली लिहिलीत? पृथ्वीवरची की सूर्यमालेच्या मध्यावरची?” अंदाजाच्या वेळा सूर्यमालेच्या मध्यावर गृहीत धरून दिलेल्या असतात. त्या महिन्यात पृथ्वी सूर्याच्या अलीकडे, त्या ताऱ्याच्या बाजूला होती, म्हणून प्रकाश आमच्यापर्यंत लवकर पोचला. ६४ प्रकाशवर्षं चालून आलेल्या प्रकाशात आपली कक्षा ५ मिनिटांची खूण करून ठेवते, हे मला कुठल्याही व्याख्यानाने एवढं पटवलं नसतं. प्रयोगाच्या टिपणात याबद्दल एक ओळ नव्हती. मुद्दाम नव्हती की राहून गेली, हे आम्ही विचारलं नाही.

दीड तारा कापला तो प्रोग्रॅमिंगपायी. पहिल्याच प्रयोगात आमच्या विभागाने एक फिट्स फाईल (दुर्बिणीची चित्रं साठवायचा प्रकार) हातात ठेवली आणि “पायथनमध्ये करून आणा” म्हणून सांगितलं. पायथन कोण शिकवणार? कोणीच नाही. ज्यांना आधीपासून येत होतं ते तासाभरात घरी गेले, बाकीच्यांनी रात्री जागून त्यांचा कोड उतरवला. संख्याशास्त्राची तीच गत: त्रुटीचं गणित पहिल्या दिवसापासून मागायचे, शिकवलं तिसऱ्या वर्षी. या पदवीतून बाहेर पडणाऱ्यांतले कितीतरी जण पुढे डेटावरच पोट भरतात, आणि तोच भाग वाऱ्यावर सोडलेला.

एककांचा छळ वेगळाच. भौतिकीवाले मीटर-किलोग्रॅममध्ये, आमचे खगोलवाले अजून सेंटिमीटर-ग्रॅम आणि अर्ग या ऊर्जेच्या जुन्या एककात. ताऱ्याच्या रचनेची चार समीकरणं संगणकावर सोडवून सूर्य ‘बांधायचा’ होता. खऱ्या सूर्याच्या गाभ्याचं तापमान सुमारे १.५ कोटी केल्विन. माझ्या पहिल्या सूर्याचा गाभा फ्रीजपेक्षा थंड निघाला. एक स्थिरांक एका पद्धतीतला, दुसरा दुसऱ्या. आणि हो, इथे हायड्रोजन आणि हेलियम सोडून जे काही आहे त्या सगळ्याला ‘धातू’ म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा. रसायनशास्त्रवाल्या मैत्रिणीला हे सांगू नका.

विश्वरचनाशास्त्र छान होतं, घाईत उरकलं. सापेक्षता ऐच्छिक होती, मी घेतली नाही, पस्तावले.

प्रवेश घेण्याआधी विभाग बघायला गेलात तर घुमट उघडून दुर्बीण नक्की दाखवतील. बघा. पण कोडिंग कोण शिकवतं ते विचारा, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प खऱ्या निरीक्षणांवर असतो का तेही विचारा, आणि दुर्बिणीशेजारची नोंदवही चाळायला मागा. आमच्याकडची मागितली असतीत तर निम्म्या पानांवर तारीख, दोघांच्या सह्या आणि ‘ढग’ एवढंच सापडलं असतं.