हौसेची गाडी रोज बाहेर काढली तर: पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चा वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, कारण असं काही वाचायला घेणाऱ्याला तोच हवा असतो. जीव लावून सांभाळलेली जुनी स्पोर्ट्‌स कार रोज वापरता येते. इंजिनाला ते मानवतं, पत्र्याला मानवत नाही. आणि दारात दुसरं वाहन नसेल तर मालकालाही फार दिवस मानवत नाही.

माझी गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९९७ पर्यंत याच रूपात बनत राहिली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, सीट दोनच, कापडी टप, बॉनेटमधून वर येणारे दिवे. ताकद ११५ एचपीच्या आसपास, वजन एक टनाच्या आत. वर्षानुवर्षं ही माझी सुट्टीच्या दिवशीची गाडी होती. गेले बरेच महिने मात्र कामावर जायला, सामान आणायला, कोणाला सोडायला हीच काढते आहे. त्यामुळे इथे शोरूमचं कौतुक नाही. रोज किल्ली फिरवल्यावर काय होतं ते आहे.

सगळ्यात जास्त नवल इंजिनाचं वाटलं. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीला सुरू केल्याबरोबर टक-टक आवाज यायचा. या इंजिनात व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर आहेत. गाडी उभी राहिली की त्यांतलं तेल उतरतं, आणि ते परत भरेपर्यंत टकटक चालू राहते. दोन पिढ्यांचे मालक या आवाजाला घाबरत आले आहेत. रोजच्या वापरात, वेळच्या वेळी ऑइल बदलत राहिल्यावर, तो जवळजवळ गेला. ब्रेकचंही तसंच. मागचे कॅलिपर (ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारे चिमटे) उभ्या गाडीत जाम होण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. रोज दाबले गेल्यावर मोकळे राहिले. बॅटरी उतरण्याचा प्रश्नच संपला. टाकीतलं पेट्रोल शिळं व्हायला वेळ मिळेना. ऑइल सील कोरडे पडतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, हे सगळे उभ्या गाडीचे आजार आहेत. ‘जपून ठेवली आहे’ असं ज्या गाडीबद्दल सांगतात तिच्या खाली वाकून एकदा बघाच.

पण यात एक मोठा पण आहे. रोजचा वापर म्हणजे रोजचं चालणं. कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं नव्हे. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं, असं आपण धरून चालतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरतं तापतच नाही, त्यात जमलेली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, आणि तेच पातळ, ओलसर ऑइल बेअरिंगला पुरवलं जातं. कामाची जागा दोन-तीन किलोमीटरवर असेल तर ही गाडी काढू नका, सायकल काढा. थंड असताना दुसरा गिअर अडतो, हाही या गिअरबॉक्सचा जुना स्वभाव आहे. पहिली काही मिनिटं तो हलक्या हातानं, वेळ देऊन टाकायचा. जबरदस्ती केली तर सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी) जाणार.

ऑइल प्रेशरच्या काट्याबद्दल थोडं विषयांतर. सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत हा काटा खराखुरा आहे. रेस दिली की चढतो, सोडली की उतरतो. मालक तो बघून धसका घ्यायचे. नंतरच्या गाड्यांत त्याच जागी असा काटा आला जो नुसता ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो आणि मध्यावर निवांत बसून राहतो. मला नाचणारा काटा बरा वाटतो. रोज बघत असल्यामुळे गरम इंजिनाचा आयडलिंगचा नेहमीचा आकडा कोणता हे पाठ झालंय, आणि तो जरा जरी घसरला तरी लगेच कळेल.

आता पाणी. जुनी उघड्या टपाची गाडी रोज वापरायची की नाही हे मुळात पाण्यावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबते.

टपावर पडलेलं पावसाचं पाणी मागे ओघळतं, सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत रबरी पन्हळीत जमतं आणि तिथून दोन नळ्यांतून गाडीखाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे, बाहेर पडतं. रचना साधी आणि चांगली आहे. पण झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या नळ्यांत पानांचा चुरा, धूळ आणि टपाच्या कापडाचे तंतू साचून गाळ होतो. नळी तुंबली की पाणी गालिच्याखाली आणि दरवाज्याखालच्या सिलच्या पोकळीत उतरतं. सिल आतून कुजतं. बाहेर रंग चकचकीत असतो. मागच्या चाकाच्या पुढच्या कोपऱ्यात रंगाखाली फुगवटा दिसायला लागला, की आतला पत्रा आधीच गेलेला असतो. या पिढीच्या जितक्या गाड्या भंगारात गेल्या त्यांतल्या पुष्कळ इंजिनामुळे नाही, या कोपऱ्यामुळे गेल्या असं मी बेधडक म्हणेन.

उपाय फुकटचा आहे. थोडंथोडं पाणी कोपऱ्यात ओतायचं आणि खाली दोन्ही बाजूंनी धार पडते का ते बघायचं. पडत नसेल तर मऊ प्लॅस्टिकची जाड दोरी हळूहळू आत सरकवायची. लोखंडी तार घालू नका, रबर फाटतं आणि मग पाणी कायमचं आत जातं. सुट्टीच्या गाडीला हे वर्षातून एकदा पुरायचं. रोजच्या वापरात, ओल्या दिवसांत, मी ते सर्व्हिसिंगच्या यादीत बसवलंय.

मागची काच ही खरी काच नाही, प्लॅस्टिक आहे. टप पाडायच्या आधी तिची चेन उघडून ती सपाट निजवायची, नाहीतर घडी पडते आणि त्या घडीवर ती चिरते. थंडीत तर कडक होते, तेव्हा हात न लावलेलाच बरा. रविवारी हे सोपस्कार करायला मजा येते. रोज संध्याकाळी, हातात दोन पिशव्या असताना, येत नाही. परिणाम असा की मी टप पूर्वीपेक्षा कमी वेळा उघडते. हे मला अपेक्षित नव्हतं आणि आवडलेलंही नाही. शिवाय ओला टप घडी करून ठेवला की बुरशीचा वास धरतो, म्हणजे पाऊस थांबल्यावर लगेच उघडायची सोय नाही.

ज्या देशांत बर्फावर मीठ टाकतात तिथे माझा सल्ला एका शब्दाचा आहे: नको. पोकळीत मेण फवारून घ्या, खालून पाण्यानं धुवा, सगळं करा. तरी त्या महिन्यांत गाडी आतच ठेवा. ओल्या गाडीवर हवाबंद कव्हर घालणं हाही गंजाला आमंत्रण देण्याचाच प्रकार.

डिकीतली बॅटरी हा याच कथेचा पोटभाग. मूळची बॅटरी बंद प्रकारची होती आणि तिचा वायू बाहेर सोडायला नळ्या होत्या. स्वस्तात मिळते म्हणून कोणी तिथे साधी, पाणी घालायची बॅटरी बसवली असेल, तर तिच्या आम्लाच्या वाफेनं डिकीचा तळ खाल्लेला असू शकतो. जुनी गाडी घेताना गालिचा उचलून बघा.

चालवायला कशी आहे? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. लोकांना वाटतं स्पोर्ट्‌स कार म्हणजे ट्रॅफिकमध्ये शिक्षा. ताकदवान, जड क्लचच्या, रुंद गाड्यांबाबत ते खरं आहे. ही गाडी मात्र अरुंद आहे, क्लच हलका आहे, आणि चाळीसच्या वेगालाही वळण घेताना हातात काहीतरी चाललंय असं वाटतं. गिअरची दांडी मनगटाच्या हालचालीनं पडते. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) अॅल्युमिनियमच्या एका लांब तुळईनं एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे पाय सोडला किंवा दाबला की मधे झोल जाणवत नाही. ट्रॅफिकमध्ये रांगताना याचाच सगळ्यात जास्त फायदा होतो. रोजच्या रस्त्यावर शंभर-सव्वाशे एचपी पूर्ण वापरता येतात. चारशे असत्या तर नुसत्या असत्या.

लांबच्या सरळ रस्त्यावर ती दमवते. पाचव्या गिअरमध्ये ताशी शंभरला इंजिन तीन हजारांच्या वर फिरतं, सहावा नाही, आणि कापडी टपातून शेजारच्या ट्रकचा टायर कानात वाजतो. तासाभरानंतर माणूस बोलेनासा होतो. गिअरच्या दांडीखालचं रबर फाटलेलं असेल तर गरम हवा आणि गिअरबॉक्सचा आवाजही वर येतो. ते स्वस्त रबर बदलल्यावर गाडी दहा वर्षांनी तरुण वाटते. डिकी सव्वाशे लिटरची, त्यातही स्टेपनी आणि बॅटरीची जागा गेलेली. आठवड्याचा बाजार बसतो, पण सुटकेस असेल तर माणूस नको.

सुरक्षिततेबद्दल मी गोड बोलणार नाही. घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही, बाजूच्या एअरबॅग नाहीत, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांतच. वजन कमी म्हणून ब्रेक चांगले लागतात, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक झालं तर सोडायचं आणि परत दाबायचं ते पायानंच. उंच गाड्यांच्या आरशात ही दिसतच नाही. दिवे खाली मिटलेले असतात तेव्हा तर मुळीच नाही, म्हणून ढगाळ हवेत मी ते वर काढून लावूनच चालवते. एक फायदा: दिव्यांची मोटर बंद पडली तर बॉनेटखाली हातानं फिरवायची गोल खुंटी आहे.

टायरची खोली बघून समाधान मानू नका, वय बघा. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सुट्टीच्या गाड्यांवर नव्यासारखे दिसणारे दहा वर्षांचे दगड फिरत असतात. १८५/६० आर १४ या मापात निवड आता कमी उरली आहे, तेव्हा चांगला जोड मिळाला की घेऊन टाकायचा.

देखभालीचा हिशेब बदलतो. सुट्टीच्या गाडीचं सर्व्हिसिंग तारखेवर चालतं, रोजच्या गाडीचं किलोमीटरवर, आणि ते आकडे भराभर येतात. ब्रेक ऑइल मात्र दोन्हीकडे तारखेवरच, दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल शोषतं. टाइमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो; १.६ मध्ये तो तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर होत नाही, हे मनाला बरं वाटतं, पण रस्त्यात उभं राहावं लागतंच. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असावी. ती हिरवट-तपकिरी झाली म्हणजे तडकायला आली. १९९१ च्या सुरुवातीपर्यंतची गाडी घेत असाल तर क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या टोकाची खाच झिजण्याबद्दल जाणत्या मेकॅनिककडून खात्री करून घ्या. त्या वर्षांच्या काही इंजिनांत ही कमजोरी आहे आणि काम मोठं आहे.

माझ्याकडे या महिन्यांत क्लचचा खालचा सिलिंडर (पायाचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणारा) वयापरत्वे पाझरायला लागला. बदलला तो स्वस्तातला सुटा भाग काही आठवड्यांत पुन्हा ओला. उत्पादकाचं नाव घेत नाही. दुसऱ्या वेळी चांगला भाग मागवला आणि त्याची वाट बघण्यात गाडी उभी राहिली. दुरुस्ती किरकोळ होती, पण तेवढे दिवस दुसरं वाहन नसतं तर मी वैतागून काहीतरी घाईचं केलं असतं. जुन्या गाडीला घाई मानवत नाही. म्हणून ‘रोज’ याचा अर्थ ‘बहुतेक रोज’ असा धरा.

सुट्या भागांच्या बाबतीत मी नशीबवान आहे हे मान्य. या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या, आणि २०१७ मध्ये माझदानंच जपानमध्ये जुन्या गाड्या पूर्ववत करून देण्याचा उपक्रम जाहीर केला, त्यासाठी टप, लाकडी स्टिअरिंग व्हील, मूळ घडणीचे टायर असं काहीबाही पुन्हा बनवायला घेतलं. तुमची गाडी जर काही शेकड्यांतली एक असेल, तर माझा अनुभव तुम्हाला लागू नाही. तिथे बंपरचा एक कोपरा मोडला तर वर्ष जातं. अशी गाडी पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या दरवाज्याच्या भरवशावर सोडू नये.

विम्याचे कागद आधी वाचा. अनेक ठिकाणी जुन्या गाडीचा स्वस्त विमा मर्यादित किलोमीटर आणि हौशी वापर गृहीत धरून दिलेला असतो, आणि कामावर जाणं त्यात बसत नाही. साधा विमा घेतला तर गाडीचं मूल्य निव्वळ वयावरून काढतात, म्हणून ठरवलेल्या मूल्याचा विमा मिळतो का ते विचारा.

राहिला प्रश्न गोडीचा: रोज चालवून अप्रूप जातं का? थोडं जातं. किल्ली उचलताना पूर्वीसारखं होत नाही, आणि पुढच्या बंपरवरच्या खड्यांच्या खुणा आता मी मोजत नाही. त्याबदल्यात गाडीचा कान आला आहे. कोणतं बेअरिंग गुणगुणतंय, कोणता आवाज नवा आहे, हे मेकॅनिकच्या आधी मला कळतं. मला हा सौदा पटला. ज्याला रंग आणि कमी किलोमीटरचा आकडाच जपायचा आहे त्याला पटणार नाही, आणि त्याचंही काही चुकत नाही.

पुढे असं करणार आहे: कोरडे महिने हीच गाडी, ओले महिने दुसरी, त्या काळात रस्ता सुकला की आठवड्यातून एकदा हिला ऑइल पुरतं तापेल इतकं लांब फिरवून आणायचं. पुढच्या सर्व्हिसिंगला टाइमिंग बेल्ट आहे. सोबत पाण्याचा पंपही बदलून घेणार, कारण त्याच्यापर्यंत पोहोचायला तोच सगळा भाग पुन्हा उघडावा लागतो.