कारवारला कायाकमधून डॉल्फिन: पाठलाग न करणारी माणसं

बेळगावकडची मंडळी डॉल्फिन बघायचे म्हटले की गोवा गाठतात. मी म्हणेन, कारवारला काळी नदीच्या मुखाशी जा आणि इंजिनाच्या बोटीऐवजी कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घ्या. सदाशिवगडाच्या बाजूने कायाक सोडणाऱ्या एका लहान गटाबरोबर मी आणि माझी भाची गेलो होतो.

पाण्यात उतरण्याआधी त्यांच्या वाटाड्याने सगळ्यांना वाळूवर बसवलं. इथले डॉल्फिन कुबडवाले, पाठीवरच्या पराखाली उंचवटा असलेले, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारे. ही जात जगभरात संकटात आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्याचं तिला संरक्षण आहे. "ताई, आपण लांब थांबायचं. जवळ यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं," तो म्हणाला. समोरून वाट अडवायची नाही, पिल्लू दिसलं तर मागे फिरायचं, सगळ्या कायाक एकाच बाजूला ठेवायच्या.

कायाकला आवाज नाही म्हणजे त्रास नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण आपण आल्याचं जनावराला कळलंच नाही तर ते ऐनवेळी दचकतं. म्हणून तो मधूनमधून वल्ह्याने कायाकच्या कडेवर टकटक करत होता. मोठ्या देवमाशांपाशी तर माणसाच्याच जिवावर बेतू शकतं. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अव्हिला बीचजवळ लहान माशांच्या थव्याखालून एक हंपबॅक जातीचा देवमासा तोंड उघडून वर आला आणि दोन बायका कायाकसकट त्याच्या तोंडात सापडल्या. सुदैवाने वाचल्या. मासळी उसळते तिथून दूर राहायचं ते यासाठीच.

आम्हाला डॉल्फिन दिसले. आधी फुस्स असा श्वास ऐकू आला, मग करड्या पाठी वर आल्या. तेवढ्यात एक पर्यटकांची मोटरबोट थेट त्यांच्यावर चालून आली आणि सगळे बुडी मारून गेले. भाची म्हणाली, "काका, त्यांच्या मागं जाऊया की!" वेळ शिल्लक होता, पण वाटाड्याने ठाम नकार दिला. माझ्या लेखी पैसे तिथेच वसूल झाले.

सकाळची फेरी घ्या, दुपारी वारा वाढतो. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट असा रस्ता वळणावळणाचा आहे, तेव्हा आदल्या दिवशीच पोचून मुक्काम करा. एक उणीव आहे: लहान मुलांच्या मापाची लाईफ जॅकेटं कमी आहेत. भाचीचं सैल होतं, पट्टे पुन्हा ओढून बांधावे लागले. मुलं नेणार असाल तर माप आधी फोनवर सांगून ठेवा.