बीटाहिस्टिन १६: शिमगा ते गणपती, आणि फुकट गेलेल्या १२ गोळ्या

मुलीने पुण्याहून सात खणांची डबी पाठवली. जुलैत तिच्यात माझ्या चक्करेवरच्या बीटाहिस्टिनच्या आठवड्याच्या २१ गोळ्या सोलून ठेवल्या. चौथ्या दिवशी बघतो तर उरलेल्या १२ भिजल्या बत्ताशासारख्या. तरातरा दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "काका, पाकिटातून काढल्यात कशाला? ही गोळी हवेतलं पाणी ओढते." आमच्याकडे पावसात बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं, तिथे हिचं काय! पण ही सूचना पाकिटावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात का, हे कुणी सांगेल का? आता एकेक गोळी पाकिटासकट कात्रीने कापून डबीत ठेवतो. जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, हात बसलेला आहे.

कुंभार्ली घाटात उभ्याने कधी भोवळ आली नाही, आणि शिमग्याआधी पडवीत बसल्या जागी घर गरगरलं. डाव्या कानाला दडा, आत सूं सूं, ओकाऱ्या, तीन तास. कानाच्या डॉक्टरांनी मेनिएरचा आजार सांगितला, म्हणजे आतल्या कानाचं दुखणं. त्यावर ही गोळी: १६ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा.

पहिले पंधरा दिवस गोळीला शिव्याच घातल्या. पोटात आग. चूक माझी, अनशापोटी घेत होतो. पेजेवर घेऊ लागलो तशी थांबली. (अल्सर किंवा दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.) गुंगी मात्र येत नाही. आधीच्या चक्करेच्या गोळीने दिवसभर डोळे मिटायचे. जनऔषधीत हीच निम्म्याहून कमी पैशांत मिळाली, तेव्हा तर गुणच गायलो.

मग मुलीने २०१६ चा जर्मनीतला अभ्यास वाचून दाखवला. नऊ महिने गोळी घेणाऱ्यांचे आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे चक्करेचे झटके सारखेच कमी झाले म्हणे. माझे महिन्याला चार होते, आता एखादा. पण डॉक्टरांनी त्याच दिवशी मीठही तोडलं होतं: सुकट, लोणचं, खारा बांगडा, सगळं. मग गुण कुणाचा? डॉक्टर म्हणतात, मनाने बंद करू नका, दिवाळीनंतर कमी करून बघू. ही म्हणते, गुण बांगडा सोडल्याचा.

आगोटीला भरलेला तो बांगडा अजून माळ्यावर आहे. जरा ऊन पडलं की ही तो अंगणात घालते, आणि मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतो.