सपाट तळ की व्ही तळ? घरच्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमची छोटी बोट घेताना

14 फुटी सपाट तळाची, म्हणजे जॉन बोट, की 16 फुटी व्ही तळाची यात अडकला असाल तर आधी इंजिन बाजूला ठेवा. सगळे पहिला प्रश्न एचपीचाच विचारतात, मग पोरं बोटीत उभी राहिली की कळतं खरा प्रश्न रुंदीचा आणि काठाच्या उंचीचा होता.

जॉन बोट थांबलेली असताना पाण्यावर पाट मांडल्यासारखी बसते. मासा गळाला लागला की काय होतं माहितीये ना, जाळी कुठंय जाळी कुठंय करत सगळे एकाच बाजूला, आणि तेव्हा ती पटकन कलत नाही. वीतभर पाण्यातही चालते, हलकी असते. पण वारा सुटला की तळ थाड थाड आपटतो, पुढे बसलेल्याचं कंबरडं ढिलं होतं आणि काठ बुटके म्हणून पाणी आत येतं ते वेगळंच.

व्ही तळाचं उलटं. पाय टाकल्या टाकल्या डुगडुगते, नवखा माणूस घाबरतो, पण थोडी कलली की बाजू पाणी धरते आणि लाट कापत जाते. मधला पर्याय म्हणजे पुढे व्ही आणि मागे बराचसा सपाट तळ, मी तरी चौघांसाठी 16 फुटी तीच घेईन. पाणी कायम शांत आणि उथळ असेल तरच जॉन बोट, मोठा तलाव असेल तर जॉन बोटीचा विषय संपला. आणि दोन्हीत लांबी सारखी असेल तर रुंद असेल ती घ्या.

रिव्हेटची (म्हणजे पत्रे धातूच्या खिळ्यांनी ठोकून जोडलेली) की वेल्डिंगची? वेल्डिंगची जाड पत्र्याची, दणकट पण जड आणि महाग. रिव्हेट वर्षानुवर्षं आपटून ढिले होतात, पण दुरुस्त करता येतात, त्यामुळे जुनी दिसली की लगेच नाही म्हणू नका. ट्रेलरवर असतानाच आत दोन-तीन इंच पाणी भरा (जास्त नको, पाण्याचं वजन लय असतं) आणि खालून बघा, जिथून थेंब पडेल तिथे खडूने खूण करा. मोटर लावतात त्या मागच्या फळीत बहुतेकदा लाकूड असतं, ते आतून कुजतं, मोटरचा खालचा भाग धरून वरखाली हलवा, फळी लवली तर किंमत पाडा नाहीतर सोडून द्या.

बोटीवर लावलेल्या क्षमतेच्या पाटीवरचा माणसांचा आकडा बघून खूश होऊ नका, शेजारी एकूण वजन लिहिलेलं असतं त्यात मोटर आणि सामानही धरलेलं असतं.

खाऱ्या पाण्यात नेणार असाल तर झिंकचे अ‍ॅनोड (बोटीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) लावा आणि तांबं असलेला रंग तळाला अजिबात नको, पत्रा खातो तो. फरशीला तांब्याची प्रक्रिया केलेलं लाकूडही त्याच कारणाने नको. बाकी साधं मॅट टाकलं तरी चालतं, डबा पडला की होणारा ठणठणाट माशांपर्यंत जात नाही.