पॉइंट टू-टू काडतुसं: सात महिने वापरल्यावर ब्रँडपेक्षा लॉट का बघायचा

नेमबाजीची रायफल एकच, बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक शॉटला हाताने बोल्ट ओढून भरायची. अंतर ५० मीटर, पोझिशन प्रोन, म्हणजे पालथं झोपून. काडतुसं तीन दर्जाची: एक महागडं परदेशी मॅच (स्पर्धेसाठीचं), एक मधल्या किमतीचं, एक साधं सरावाचं. तिन्हींची गोळी ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम), आवाजाच्या वेगाखालची. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. या नळीला जे मानवलं ते तुमच्या नळीला मानवेलच असं नाही, आणि नाव वाचून कुणी पाचशे काडतुसांचा मोठा खोका उचलला तर पैसे पाण्यात.

आधी फरक कुठे दुखतो ते. ५० मीटर रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी, पुढची वलयं ८-८ मिमी रुंद, गोळी ५.६ मिमी. कागदी टार्गेटवर छिद्राचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत असला तरी कड शिवून दहा मिळतो. आता एका काडतुसाचा वेग सेकंदाला ३२५ ऐवजी ३१५ मीटर निघाला, तर ती गोळी साधारण ७ मिमी खाली लागते. होल्ड (रायफल स्थिर धरणं) कितीही पक्का असू दे, दहाची जागा तिथेच संपली. आणि फायनलमध्ये दशांशावर हिशेब असतो; आमच्या सांगलीशेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य ४५१.४ गुणांचं आहे.

वेग का हलतो? पावडर जेमतेम एक-दीड ग्रेन, त्यात किंचित कमीजास्त झालं तरी टक्केवारीत ते मोठं. शिवाय या काडतुसात वेगळी प्रायमर टोपी नसते. ठिणगी देणारा ओला मसाला टरफलात टाकून गरगर फिरवतात, तो बुडाच्या कडेच्या (रिमच्या) पोकळीत बसतो. सगळीकडे सारखा बसला नाही की पेट घेणंही सारखं नाही.

महागडं काडतूस या बाबतीत खरंच सरळ आहे, त्यात वाद नाही. मधल्याची गंमत वेगळी. पहिला लॉट (कारखान्यात एकदम बनलेली, एकाच नंबरची खेप) असा बसला की महागड्यावर घातलेले पैसे खुपायला लागले. दुसरा लॉट, खोका तोच, रंग तोच, पण ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, उभा लांबलेला. पडलेल्या वाऱ्यात, सँडबॅगवरून मारूनही तसाच. आडवा पसारा बहुधा वाऱ्याचा, उभा बहुधा काडतुसाचा. पण प्रोनमध्ये श्वासही ग्रुप उभा लांबवतो, म्हणून लॉट तपासताना रायफल पुढून आणि मागून, दोन्हीकडून बॅगवर टेकलेलीच हवी. साध्या काडतुसाचा तर एकाच खोक्यात दोन स्वभाव. ऑफहँड (उभं राहून मारण्याच्या) आणि ट्रिगरच्या सरावाला ठीक, साइट झिरो करायला, म्हणजे नेम मध्यावर जुळवायला, अजिबात नको.

तपासणीला लॉटमागे एक छोटा खोका पुरतो, म्हणजे ५० काडतुसं. पहिली दहा मोजायची नाहीत. प्रत्येक कंपनीचं ल्युब (गोळीवरचं वंगण) वेगळं असतं आणि नळीत जुन्याचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. उरलेल्या चाळीसचे दहा-दहाचे चार ग्रुप, सकाळी वारा सुटायच्या आत, मध्ये साइटचा एकही क्लिक न फिरवता. पाच शॉटच्या ग्रुपवर भुलू नका; पाच तर कुठलंही काडतूस एकदा झकास मारतं. उंची वेगळी मोजा, रुंदी वेगळी. आणि लांब गेलेलं छिद्र ‘फ्लायर’ म्हणून खोडू नका, पैसे त्याचेही दिलेत. ईली टेनेक्स या मॅच काडतुसाच्या खोक्यावर लॉट नंबरसोबत वेगही छापलेला असतो, तो वहीत लिहून ठेवा. आपल्याकडे काडतूस लायसन आणि कोट्यावर मिळतं, तेव्हा लॉट जुळला की त्याच नंबरचं शक्य तितकं एकदम घ्यायचं. नंतर तो सापडत नाही.

रिमची जाडी गेजवर मोजून वर्गवारी करणारे बरेच भेटतात. साध्या काडतुसात थोडा उपयोग होतो, मॅच ग्रेडमध्ये संध्याकाळ फुकट जाते. वजन करणं त्याहून व्यर्थ: पूर्ण काडतूस साधारण सव्वातीन ग्रॅमचं, त्यात टरफल आणि शिशाचाच फरक पावडरीच्या फरकाला गिळून टाकतो.

भरताना बघा. गोळी टरफलाएवढ्याच व्यासाची आणि मऊ शिशाची असते. चेंबरच्या तोंडावर तिरकी घासली की कडेला चकचकीत ओरखडा उठतो, कधी शिशाची बारीक साल निघते. तो शॉट सरावातच मारा. या भागात मार्च ते मे गाडीच्या डिकीत खोका ठेवू नका: ल्युब पातळ होऊन गोळीच्या खाचांतून टरफलावर उतरतं, आणि त्याला सांगलीची धूळ चिकटली की नळीत पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच. साताऱ्याकडे उलट, थंडीत पहाटे ल्युब घट्ट असतं, पहिले दोन-तीन शॉट बाजूच्या सायटरवरच (गुण न धरायच्या चाचणी टार्गेटवर) घालवा. पावसाळ्यात खोका घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. शिशावर पांढरी भुकटी दिसली तर ती काडतुसं वेगळी काढा.

मिसफायर फक्त साध्या प्रकारात झाले. नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. टरफलाच्या कडेवरची पिनची खूण खोल असेल तर दोष मसाल्याचा, उथळ असेल तर फायरिंग पिन किंवा स्प्रिंग बघा. बऱ्याचदा पिनच्या खोबणीत ल्युबचा चिखल साचलेला असतो. नेहमीच्या ‘टक्’ऐवजी ‘फुस्स’ असा आवाज आला तर पुढचं काडतूस भरायचं नाही. रायफल रिकामी करून नळीतून रॉड घालून बघा, गोळी आत अडकलेली असू शकते. न उडालेली काडतुसं रेंज ऑफिसरकडे, घरच्या कचऱ्यात नाही.